वारा कुठे अडला

गच्चीवर पाऊल ठेवलं तेव्हा पावणेबारा.
पत्रा असा तापलेला की पान्हा
ओढणीच्या टोकात धरून फिरवायचा.
खाली जिवाजीगंज लूला दारं लावून बसलेलं.
किल्ला तेवढा उघडा,
त्याला दारं लावून घ्यायची सोय नाही.

तक्रार चार शब्दांची: खालच्या खोलीत हवा नाही.
फोन विश्वंभर इंगळ्यांचा.
वर धाकट्याकडे गारठा, म्हणाले,
आणि मी इथे उकडतोय.
दोन मजले, दोन चुली,
डक्ट एक, कूलर एक,
वीजबिलाचे दोन भाग, पैशापैशाने.

बाबा हजिऱ्यात जळक्या मोटरींना नवी तार भरायचे.
सांगायचे, आधी हात नाही लावायचा, आधी कान.
हुं हुं करते पण फिरत नाही, तर कॅपॅसिटर गेला.
फिरताना खरखरते, तर बेअरिंग कोरडं.
फिरतेय, गप्प आहे, आणि तरी वारा नाही,
तर तिला बोल लावू नकोस पोरी,
वाटेत बघ.

तरी सगळं बघितलं, सवयीने.
कॅपॅसिटरवर दहा लिहिलेले, मीटर साडेनऊ दाखवतो.
या उन्हात मीही तेवढीच भरले असते.
पट्टा अंगठ्याने दाबला, अर्धा इंच. बरोबर.
खसाच्या टट्ट्यांवर गेल्या सालचा क्षार,
धुतल्या, आणि गच्चीभर तो ओला वास
ज्याचे पैसे मी लावत नाही.
ब्लोअरच्या पात्यांत धूळ, धुळीत कबुतराचं पीस.
हा पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा देतो,
म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.
पण हा सुलटाच होता.

खाली आले. उदबत्ती लावून झरोक्यापुढे धरली.
धूर सरळ वर,
जसा बंद देवळात जातो.

जाळीचे चार स्क्रू. हात खांद्यापर्यंत आत.
बोटांना मऊ लागलं.
ओढून काढली तर अर्धी गोधडी,
नीट घडी घातलेली, सुतळीने आवळलेली.
वाऱ्याने आणलेल्या वस्तूला गाठ नसते.

मागे चंद्रप्रभाबाई उभ्या. दार लोटून घेतलं.
"हे झोपेत बोलतात," म्हणाल्या.
"वरपर्यंत जातं सगळं.
मागच्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी जिन्यात विचारलं,
भाऊजी रोज रात्री कुणाची माफी मागतात?"
जरा थांबून: "त्यांना माहीत नाही, आपण बोलतो ते.
उकडलेलं चालेल मला."

मी गोधडी उलगडली.
निळं लुगडं, शाळेच्या शर्टाची बाही, एक खिसा.
कात्री मागितली.
डक्टच्या वळणाला आतून, चारी बाजूंनी
पट्ट्या चिकटवल्या सरसाने, मधे वाट मोकळी.
वारा वळून जातो, त्याचं काही अडत नाही.
आवाज भिंतींवर आपटत जातो,
तो कापसात मुरेल बराचसा.
सगळा नाही, हेही सांगितलं.
ओल धरेल. दसऱ्याला काढा, वाळवा.

मोटर लावली. उदबत्तीचा धूर
आडवा झाला आणि विझेस्तोवर आडवाच राहिला.

इंगळे आले, झरोक्यापुढे तळहात धरून उभे राहिले.
"काय होतं?"
धूळ, म्हटलं. बिलावर लिहिलं: डक्ट साफ, साडेसातशे.
"अर्धे वरून घ्या," म्हणाले,
आणि तीनशे पंचाहत्तर मोजून दिले.

वर धाकटीने पाचशेची नोट दिली,
सुटे मोजत होते तेवढ्यात हळूच विचारलं,
"भाऊजी बरे आहेत ना?
यंदा रात्री काहीच ऐकू येत नाही खालून.
झोप लागत नाही मला."

मी सव्वाशे परत केले.
जिन्यात अजून लूच होती.