अकरावा भाग

दर गुरुवारी, दांडिया बाजारात,
वझलवारांच्या जिन्याखालच्या खोलीत
आम्ही सहाजण. पूर्वी बावीस होतो.
मालिका तेरा भागांची.
अकराव्याची टेप बुरशीनं खाल्ली,
म्हणून तो भाग आम्ही तोंडानं लावतो.
किरीटभाई, मराठी या मालिकेवरच शिकलेले,
म्हणतात, डॉक्टरीणबाई गाडीत चढल्या.
चिटणीस : छे! फलाटावरच राहिल्या.
शेव-उसळ निवते,
कुणीतरी चिडून निघून जातं,
पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी हजर.

परवा न्यायमंदिरामागे, भंगारात
मला ती टेप सापडली. धड, चालणारी.
एकटीनं पाहिली.

कपाटात आहे, साड्यांच्या खाली.
काल चिटणिसांनी विचारलं, तुमचं काय मत?
म्हटलं, हातात छत्री होती, एवढंच आठवतंय.

छत्री नव्हती.
आता दोन गुरुवार तरी त्यावर जातील.