आतली मूठ

मांगोर हिल, तिसरा मजला.
सेल्मा कुलासोच्या दाराला होतं
तिरक्या जिभेचं कुलूप.
मी खिशातून जुनं ओळखपत्र काढलं,
फटीत सरकवलं, जरा वाकवलं,
दार उघडलं.
ती म्हणाली, "तीन वर्षं
मी ह्याच्या भरवशावर झोपले."

जीभ तिरकी असते, बाय,
कारण तिच्यामागे स्प्रिंग असते.
दार ओढलं की ती दबते, मग आपोआप बाहेर येते.
पण कार्डानं दाबली तरी दबते.
दाबणारा कोण, हे ती विचारत नाही.

हे नवं बघ. ह्यात स्प्रिंग नाही.
पोलादी दांडा, चौकोनी तोंडाचा,
एक इंच चौकटीत घुसतो
आणि कितीही रेटा, मागे येत नाही.
पोटात पाच पिना, पाचींची उंची निराळी.
किल्लीचे दात त्यांना एका रेषेत उभं करतात
तेव्हाच नळी फिरते.
पाचांचं एकमत!
आमच्या पंचायतीत अजून झालेलं नाही.

ती हसली नाही.
मी चौकटीकडे वळलो.
लाथ बसते दाराला, फुटते चौकट,
कारण पट्टी असते अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर.
मी तीन इंची घातले,
फणसाच्या लाकडातून पार चिऱ्यापर्यंत.
लाल भुगा पडला. ती केरसुणी घेऊन आली.
म्हटलं, बंदरावरून कोळशाची धूळ येते,
तेल घालू नका, धूळ चिकटून बसते.
किल्लीवर पेन्सिल घासा, पुरे.

"आतून काय लावू? किल्ली, की मूठ?"
दाराला वर काचेची पट्टी होती.
काच फोडून हात आत घातला
तर मूठ कोणीही फिरवील.
अशा दाराला आतूनही किल्ली बरी,
असं मी सगळ्यांनाच सांगतो.

ती काचेकडे बघत राहिली.
खाली कुठल्यातरी जहाजाचा भोंगा झाला.

"मूठ लावा.
काच काढून फळी मारा.
आतून किल्लीचं दार मी बघितलंय.
किल्ली त्याच्या खिशात असायची
आणि तो बोटीवर.
एकदा कोचीनपर्यंत गेली.
अकरा दिवस.
शेजारीण खिडकीच्या गजांतून पेज द्यायची."

मी टेप काढला. फळीचं माप घेतलं.
सागाचा एक तुकडा होता पिशवीत,
दुसऱ्या गिऱ्हाइकाचा. तोच बसवला.
पैसे कुलपाचेच घेतले,
फळीचे सांगायला विसरलो म्हणा.

जिना उतरत होतो तरी वरून येत होतं
खट.
खट.
मध्ये थोडं थांबून, खट.
दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं डोकं बाहेर काढलं,
"कसला आवाज?"

कुलूप बसवलंय, म्हटलं.
आतून उघडतं की नाही,
बघतायत.