केसपेपर नसलेले

वही पोरीची, शंभर पानी.
पहिली चार पानं भूगोलाची:
उल्हास, कुंडलिका, सावित्री,
निळ्या पेन्सिलीने समुद्रापर्यंत नेलेल्या.
पाचव्या पानापासून माझं अक्षर.

तारीख. वेळ. नाव. काय सांगितलं. कुठे. भाडं.

दिघ्याच्या नाक्यावर माझी रिक्षा रात्रीची असते.
पहिली नोंद नुसती सहज केली:
सुलभा ढेपे, दमा, एक वाजून दहा.
दवाखान्याच्या बोर्डावर ‘चोवीस तास सेवा’,
त्यातलं ‘चोवीस’ तेवढं पेटत होतं.
वॉचमन म्हणाला, मशीन आहे, मास्क नाही.
वाशी. दोनशे दहा.

मग यासीनभाई, खाणीतला दगड पायावर आलेला.
एक्स-रे आहे, काढणारा रजेवर.
कळवा. दीडशे.

मग द्रुपदा राठोडचा धाकटा.
कुत्रं चावलेलं, आणि ही सारखी सांगत होती,
ओळखीचं आहे हो, आमच्याच दारात खातं.
साठा संपलाय, सोमवारी या.
तो गुरुवार होता.
वाशी. तिच्याकडे ऐंशी होते. ऐंशी.

असं अकरा महिने.
हिशेबासाठी लिहीत होतो म्हणावं तर
बेरीज एकदाही केली नाही.

समाजमंदिरात जनसुनावणी लागली.
टेबलावर पांढरा कपडा, पाण्याच्या बाटल्या,
आणि साहेब नम्रपणे म्हणाले,
आमच्या नोंदीप्रमाणे
एकाही रुग्णाला परत पाठवलेलं नाही.

खोटं बोलत नव्हते ते.
दारावरून फिरवलेल्याचा केसपेपर निघत नाही,
आणि केसपेपर नाही
म्हणजे माणूस आलाच नाही.

मी उठलो. पान पाच.
नाव वाचलं, सुलभा ढेपे,
तर मागच्या सतरंजीवरून आवाज आला, हजर.
यासीन शेख. हजर. कुबडी वर केली त्यांनी.
मग शाळेसारखंच सुरू झालं,
पोरं हसायलाही लागली,
एकशे त्रेचाळीस नावं,
कुणी हजर, कुणी गावी गेलेलं,
आणि बाविसाव्या पानावर
भिकाजी तांडेल म्हटल्यावर
कुणीच काही बोललं नाही.
मी ते नाव दुसऱ्यांदा वाचलं नाही.

साहेबांनी वही मागून घेतली, चाळली,
आणि नेमकं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.
हे भाडं तुम्ही घेतलंत?

घेतलं.
गॅस भरायचा असतो, साहेब. हप्ता असतो.
पण ते सोडा, घेतलं.
तांडेलांच्या मुलाकडूनही घेतलं, जाताना.
येताना घेतलं नाही.
माझा जबाब पहिला लिहा.
पण मग खाली जागा ठेवा,
मास्क कुणी मागवायचा होता,
रजेवरच्याच्या जागी कुणाला बसवायचं होतं,
त्यांची नावं मला माहीत नाहीत,
तुम्हाला असतील.

पंख्याचा आवाज बराच वेळ ऐकू आला.

झेरॉक्स दोन रुपये पान.
कारकुनाने पहिल्याच पानावर शिक्का मारला,
‘प्राप्त’, तारीख, आवक क्रमांक,
बरोब्बर कुंडलिकेच्या मुखावर.
पोरगी अजून रागावलेली आहे.

उत्तर तीस दिवसांत येणार होतं.
आज एकेचाळिसावा.

परवा रात्री एका म्हातारीला घेऊन गेलो.
बोर्ड आता पूर्ण पेटतो.
वॉचमनने तिच्याकडे पाहिलं नाही,
माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं,
आणि काही न सांगता आत गेला.

मी तारीख लिहिली. दोन वाजून सात. नाव विचारून लिहिलं.
‘कुठे’ हा रकाना कोरा ठेवला
आणि टोपण दातात धरून
दाराकडे बघत राहिलो.