गुंजभर

सकाळी सहाला बोटं माझी नसतात.
चादरीवर पडलेली असतात
दुसऱ्याच कुणाची दहा,
भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगून.
तासभर वाट बघायची.
कोमट पाण्याच्या घमेल्यात ती एकेक करून
माझ्याकडे परत येतात.

एकतीस वर्षं जळगावच्या सराफ बाजारात
फुंकणीनं ज्योत वाकवली, केसाएवढा डाक लावला.
चिमटा पहिल्यांदा हातातून पडला तेव्हा
कामावरचं पोरगं म्हणालं, विसपुतेकाका, चष्मा बदला.
दुसऱ्यांदा पडला तेव्हा
कुणीच काही म्हणालं नाही.

डॉक्टर भंगाळेंनी समजावलं :
अंगाची राखण करणारेच
घरच्या माणसांना चोर समजून झोडपताहेत.
मी म्हटलं, आमच्या गल्लीचा रखवालदार असाच होता.
ते हसले. मग म्हणाले, गोळ्या कायमच्या.
तेव्हा मी हसलो नाही.

मग शहाणे आले.
साडू एरंडेल घेऊन, मावसबहीण यादी घेऊन :
गहू सोड, दूध सोड, वांग्याचं तर नावही नको.
कुणी म्हणालं, त्या गोळ्याच सोड, विष आहे ते.
नेमकं तेवढं मी ऐकलं.
नऊ आठवडे.
दहाव्यात गुडघा बामणोदच्या वांग्याएवढा झाला
आणि कल्पनानं मला धरून मोरीपर्यंत नेलं,
एक शब्द न बोलता.
तो न बोललेला शब्द अजून घरात आहे.

डॉक्टर रागावले नाहीत, नवा कागद घेतला.
लिहिता लिहिता म्हणाले, पूर्वी या दुखण्यावर
सोन्याची इंजेक्शनं देत असत.
मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.
एकतीस वर्षं या नखांखाली सोनंच बसलंय, डॉक्टर.
अंगी लागलं नाही.

धरणगावच्या वैद्य उपासनींकडे सुवर्णभस्म मागितलं.
नाडी धरून बराच वेळ गप्प होते.
म्हणाले, तुमच्या गोळीबरोबर हे मी देणार नाही,
आधी तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या.
दोघं फोनवर बोलत राहिले
आणि मी मध्ये बसलो
सोयरीक ठरताना नवरा मुलगा बसतो तसा.

ठरलं ते एवढंच :
शुक्रवारची पिवळी गोळी शुक्रवारीच.
तीन महिन्यांनी रक्त. भस्म नाही.
तेल चोळा, रात्री दहाला दिवा बंद,
ऊन चढायच्या आत मेहरूण तलावापर्यंत चाला,
आणि खाल्लेलं लिहून ठेवा.

कल्पनानं दुकानातली उधारीची जुनी वही काढली.
एका बाजूला ताट, दुसऱ्या बाजूला बोटं.
कळण्याची भाकरी, शेवभाजी, दही, ठेचा,
पुतणीच्या हळदीतली वरण-बट्टी.
चौदा महिने.
वांगं निर्दोष सुटलं!
अख्खा हिवाळा भरीत खाल्लं, बोटांना पत्ताही नाही.
निदान माझ्या बोटांना; दुसऱ्याच्या बोटांचं
त्याच्या वहीला विचारावं.
सापडलं ते लग्नसराईतलं जागरण,
आणि एक तारीख, जिच्यापुढे ताटाचा रकाना कोरा
आणि बारीक अक्षरात : भावाशी भांडण.

बरा झालो असं मी म्हणत नाही.
करंगळी वाकली ती वाकली.
नथीचे मोती आता पुतण्या ओवतो,
मी तराजू सांभाळतो,
आणि चांगल्या दिवशी, कुणी बघत नसताना,
एखादी कडी जोडून पाहतो.

शुक्रवारी जेवण झालं की
गोळी तळहातावर घेतो. सवयीनं तोलतो.
गुंजभर. फार तर गुंजभर.
आत भांडी घासायचा आवाज थांबतो.
“आज शुक्कर शे. गोई खादी का?”
खाल्ली, मी सांगतो,
आणि मग खातो.