मानशीचं दार

तेवीस.
चोवीसला मी त्याच्या बरगडीत कोपर मारायची,
मग बुडता माणूस वर यावा तसा
तो हपापून श्वास घ्यायचा, कूस बदलायचा,
आणि सकाळी म्हणायचा, झोप छान लागली.
अकरा वर्षं मी आकडे मोजले.
शाळेत गणितात नापास झालेली मी.

चोडणच्या खाजणात उगम मानस सांभाळतो.
भरतीला दार मिटलं पाहिजे, ओहोटीला उघडलं पाहिजे.
फळीला कुठे कालवं चिकटली, कुठे चिखल बसला,
ते अंधारातही त्याच्या हाताला कळतं.
आणि स्वतःच्या गळ्यातलं दार
तासाला बावीसदा मिटतं,
हे मात्र कागदावर दाखवावं लागलं.
कागद बघून म्हणाला, मशीन बिघडलं असेल.

मग एकदा जाळं ओढता ओढता
बांधावर बसल्या जागी झोपला.
सगळी सुंगटं परत पाण्यात.
तेव्हा कुठे रायबंदरच्या फेरीत चढला.

आधी हवेचं यंत्र आणलं.
नाकावर मास्क, नळी, शिगम्यातलं सोंग.
तीन रात्री. चौथ्या रात्री वीज गेली
आणि त्याला निमित्त मिळालं.

पणजीच्या लुर्डिनाबाईंनी
गुलाबी लगदा भरून त्याचे दात उतरवून घेतले.
पंधरा दिवसांनी डबीत दोन पारदर्शक पट्ट्या,
वरची, खालची,
बाजूला इवलासा स्क्रू.
खालचा जबडा पुढे धरून ठेवायचा, बाई म्हणाल्या,
जीभ मागे पडत नाही, वाट मोकळी राहते.
किती पुढे?
पाच मिलिमीटर. हळूहळू.
मला हसू आलं.
सव्वीस वर्षांत हा माणूस
कुठल्याही भांडणात
एक मिलिमीटर पुढे आलेला नाही.

पहिल्या आठवड्यात उशी लाळेनं भिजली.
सकाळी उंडो चावताना दात दातांना भेटेनात.
दुसऱ्याच कुणाचं तोंड घालून उठलोय, म्हणाला.
पट्टी असताना तो जे बोलतो
ते फक्त मांजराला कळतं.
दर बुधवारी मी चष्मा लावून चावी फिरवते,
पाव वळण.
तो दिव्याखाली डबी धरून उभा,
जणू मी त्याचं घड्याळ दुरुस्त करतेय.

आता खोलीत आवाज नाही.
वाटलं होतं, मेल्यासारखी झोपेन.
पण अडीचला डोळे उघडतात,
मी त्याच्या नाकाखाली बोट धरते.
ओलसर, कोमट. येतं. जातं.
येतं.
तरी मोजते. तेवीसच्या पुढे काय असतं
ते मला कुठे माहीत होतं?
काल एकशे दहापर्यंत गेले.
मग बाहेर पाणी फिरलं, मानशीची फळी खडखडली,
तो झोपेतच जरासा हलला,
ओठ पुढे, जबडा पुढे,
रुसलेल्या पोरासारखा,
आणि पुढचा आकडा
माझ्याकडून राहून गेला.