सतरावी ओळ

खराडी, सहावा मजला, पावणेबारा.
चाळीस ओळी, आणि प्रत्येकीत सर्व्हिस: निरंक.
नोंदणी तर केली होती मी, कंटेनरवर वैतागते.
विभावरी कागदी कपाची कड चावत म्हणते,
अगं, या ओळी यादीनं परस्पर घडवल्या,
कंटेनरला त्यांचा पत्ताच नाही.

खरंच. वर सरकवलं की तीच ओळ
खालून नवं नाव लावून येते,
अंगावर मागच्या नावाची टिक तशीच.

मग यादीच्या हाती फॅक्टरी दिली:
ओळ घडव, पण कंटेनरला विचारून.
एकोणचाळीस भरल्या. सतरावी उद्या.

खाली गेटवर नवा पोरगा रजिस्टर पुढे करतो.
खिशाला कार्ड कुणा परशुराम ढमढेरेचं.
"तुझं नाव?"
"सोपान. माझं कार्ड यायचंय अजून."