शेवटचा एक

पडवीतल्या फळीवर कुंद्याचे रिकामे डबे,
झाकणांवर ऑइलपेंटचे आकडे : सहा, आठ, दहा.
एका बरणीत नुसतेच नट, बोल्ट हरवलेले,
अर्ध्या इंचाचे, जुन्या आट्यांचे.
नव्या बोल्टावर दोन फेरे जातात नि अडतात.
फेकवत नाहीत.

उद्यमबागेत अठ्ठावीस वर्षं लेथपुढं उभा राहून
एवढंच शिकलो :
डब्यात एक उरला की संपला समजायचं,
तो एक असतानाच बाजार गाठायचा.
शालन म्हणते, साखरेचा हिशोब ठेवा की असा कधी.

काल रविवार. रात्री साडेनऊला
तिप्पाण्णा पायरीवर, हात ग्रीसनं काळे,
पहाटे मळणीयंत्र खानापूरला न्यायचंय.
"काका, आठचा वायसर ऐतेन?"
ऐते.
एक.

दिला.

मग झोप येईना. उठून डबा हलवला,
आवाज नाही.
जुनं झाकण कापलं, मधोमध भोक पाडलं,
कानशीनं कडा मारल्या,
टाकला आत.
खुळखुळला.
शालन कूस बदलून म्हणाली, झालं का?

झालं. आठच्या डब्यात आता एक आहे.
म्हणजे संपला.
चौगुल्यांचं दुकान दहाला उघडतं.